मोदकाचं सारण आणि सरकारी शिक्का

'जुना खेळाडू', नमस्कार.

एव्हन विल्यम्स व्हाइट लेबल या अमेरिकन बर्बन व्हिस्कीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचून लगेच उत्तर दिलं नाही, कारण शनिवारी बाटली घेऊन पुन्हा बसायचं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शंभर प्रूफ (प्रूफ म्हणजे दारूच्या तीव्रतेचं माप) म्हणजे ५७ टक्के अल्कोहोल, मी ५० लिहून चूक केली. बाटलीवरच्या 'बॉटल्ड इन बाँड' या सरकारी शिक्क्याचं कौतुक भाबड्या माणसाने करावं. चार वर्षांची दारू म्हणजे पोरसवदा. आणि 'भाजलेलं खोबरं, गूळ, वेलची' हे व्हिस्कीचं वर्णन की उकडीच्या मोदकाच्या सारणाचं?

शेवटच्या वाक्याला मोठ्याने हसलो. बायकोला वाचून दाखवलं, तर ती तुमच्याच बाजूला गेली.

प्रूफचं आधी उरकतो. तुमचे ५७ टक्के बरोबर आहेत, पण ते ब्रिटिश मापाने. अमेरिकेत प्रूफ म्हणजे अल्कोहोलच्या टक्क्यांची सरळ दुप्पट. आपल्याकडच्या बाटल्यांवर तो विचित्र ४२.८ आकडा असतो ना, तो त्याच ब्रिटिश मापातला ७५ प्रूफ. गोंधळ होणं साहजिक आहे, पण ५० तसेच राहतील.

आता शिक्का. 'सरकारी शिक्के रेशनच्या साखरेपासून बघत आलोय' असं तुम्ही लिहिलंत. पण १८९७ साली हा शिक्का मागायला दारू गाळणारेच पुढे आले होते. कच्च्या स्पिरिटमध्ये जळकी साखर, आलुबुखाऱ्याचा रस असलं काहीबाही घालून ती जुनी व्हिस्की म्हणून खपवणारे बोकाळले होते, आणि कर्नल ई. एच. टेलर यांच्यासारखे पिंपं वर्षानुवर्षं सांभाळणारे त्यांच्यापुढे मार खात होते. टेलर काही संत नव्हते, त्यांना स्वतःचा माल विकायचा होता. पण कायदा चोख झाला. एकाच डिस्टिलरीत, एकाच हंगामात (जानेवारी ते जून किंवा जुलै ते डिसेंबर) गाळलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षं मुरलेली, आणि बाटलीत नेमकी ५० टक्के. गोदामाला दोन कुलपं असायची, एकाची किल्ली मालकाकडे, दुसऱ्याची सरकारी माणसाकडे. तो माणूस आणि बुचावरची हिरवी पट्टी १९८०च्या दशकात गेली. बाकी अटी आहेत तशाच आहेत.

शिवाय लेबलवर भट्टीचा क्रमांक छापावाच लागतो. माझ्या बाटलीवर डीएसपी-केवाय-१ आहे, म्हणजे केंटकी राज्यातल्या लुइव्हिलची बर्नहाइम डिस्टिलरी. ही व्हिस्की बनवणारी हेवन हिल कंपनी केंटकीतल्याच बार्ड्सटाउनची, मग दारू लुइव्हिलला का गाळते? कारण नोव्हेंबर १९९६ च्या आगीत बार्ड्सटाउनची भट्टी जळाली आणि १९९९ मध्ये त्यांनी बर्नहाइम विकत घेतली. हे सगळं एका क्रमांकावरून शोधता येतं. आपल्याकडच्या 'प्रीमियम' बाटलीवरून आतलं मळीचं स्पिरिट कुठल्या कारखान्यातून आलं ते सांगा बरं!

मात्र एक कबूल. 'बाँडेड, म्हणजे चवीची खात्री' असं मी लिहून गेलो होतो. तो आगाऊपणा झाला. जन्मदाखल्यावर मार्क नसतात. ते वाक्य काढलंय.

चार वर्षांबद्दल फार बोलत नाही. स्कॉच बहुतेक वापरलेल्या पिंपात मुरते, त्यातली कितीतरी पिंपं बर्बनचीच असतात. बर्बनला दर वेळी कोरं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं, वर केंटकीचा उन्हाळा. ताजी चहापत्ती आणि दुसऱ्यांदा उकळलेली पत्ती, इतका फरक. गोव्यात पॉल जॉनची माल्टही बारा वर्षं वाट बघत नाही, तिथेही उष्माच कामाला येतो.

राहता राहिला मोदक. ओकच्या लाकडात लॅक्टोन नावाचं एक वासाचं द्रव्य असतं, त्याचा वास खोबऱ्यासारखाच येतो. पिंप जाळताना लाकडातली साखर करपते, तो गूळ. इंग्रजी पुस्तकं त्याला कॅरमेल म्हणतात, मी रत्नागिरीचा, मला गूळ आठवतो. तुम्हाला टॉफी आठवली तर टॉफी म्हणा.

शनिवारी बायकोने माझ्यामागे तीन सारखे पेले भरले आणि तळाला अंक चिकटवले. व्हाइट लेबल, ओल्ड ग्रँड-डॅड बाँडेड, आणि एव्हन विल्यम्सचंच ४३ टक्क्यांचं काळं लेबल. ग्रँड-डॅड लगेच सापडली, तिच्यातली राय (गव्हासारखं एक धान्य) मिरपुडीसारखी नाकात जाते. बाकी दोघींत मात्र मी अडखळलो. व्हाइट लेबलचा पहिला वास नुसता स्पिरिटचा, नेलपॉलिशच्या बाटलीत नाक घातल्यासारखा. दहा मिनिटं तसाच ठेवला, चमचाभर पाणी घातलं, तेव्हा कुठे खोबरं वर आलं. मग गूळ, संत्र्याची साल, आणि शेवटी सुपारी चघळल्यासारखा लाकडाचा तुरटपणा, जो मला पहिल्या वेळी जाणवलाच नव्हता. त्या तुरटपणासाठी दहापैकी आठाचे सात केलेत.

वेलची कुठेच सापडली नाही. चौथ्यांदा पेला नाकाशी नेला तेव्हा बायकोने आठवण करून दिली की लेख लिहिला त्या रात्री मी वाटीभर श्रीखंड खाऊन बसलो होतो.

वेलची खोडली आहे. खोबरं ठेवलंय.