२२२ नॅनोमीटरच्या दिव्याबद्दल आलेल्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ, तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. तुम्ही तीनदा फोन केला आणि आमच्याकडून एकदाही कोणी परत केला नाही, ही चूक सरळ आमची आहे, माफी मागतो.

आता दिव्याचं. तुम्ही लिहिलं की ज्यूसच्या झाकणांवरचे जंतू मारायला घेतलेला यूव्ही दिवा जुन्या पाऱ्याच्या यूव्ही ट्यूबपुढे अगदीच मंद जांभळा दिसते, मीटर निम्म्याहून कमी दाखवून राहिलं, लॅबच्या टेस्टमध्ये झाकणांवर जंतू तसेच निघाले, म्हणजे माल डुप्लिकेट. माल डुप्लिकेट नाही भाऊ. जंतू मारणारं यूव्ही डोळ्याला दिसतच नाही, जुन्या ट्यूबचा निळा उजेड पाऱ्याचा वेगळाच उजेड आहे, त्याचा जंतूंशी काही संबंध नाही. या दिव्यात पारा नाहीच, क्रिप्टॉन आणि क्लोरीन आहे. गॅसमधून वीज वाहिली की दोघं काही नॅनोसेकंदांपुरते जोडले जातात न सुटताना २२२ नॅनोमीटर तरंगलांबीचा यूव्ही प्रकाश देतात, आणि सुटल्यावर ती जोडीच उरत नाही म्हणून गॅस आपलाच प्रकाश परत गिळत नाही. पण ही जोडी जमायला अणूंची टक्कर भरपूर व्हावी लागते, म्हणून गॅस जास्त प्रेशरवर ठेवतात, आणि तेवढ्या प्रेशरला मोठ्या जागेत डिस्चार्ज, म्हणजे गॅसमधून वाहणारी वीज, एकसारखा पसरत नाही, तिथे ठिणगी किंवा आर्क होतो, म्हणून जागा एकदम बारीक ठेवतात. अमेरिकेत शोनबाख नावाच्या प्रोफेसरांनी १९९० च्या दशकात साधारण केसाएवढ्या भोकात असा डिस्चार्ज स्थिर चालवून दाखवला होता. तुमच्या हातातला डबा एवढासा आहे तो त्याच कारणानं, आम्ही काही कमी दिलं म्हणून नाही.

मीटरचं म्हणाल तर तुमचं मीटर जुन्या ट्यूबच्या २५४ नॅनोमीटरसाठी बनलेलं आहे, २२२ ला त्याचं रीडिंग खरं मानता येत नाही. हे विकतानाच सांगायला पाहिजे होतं, आम्ही नाही सांगितलं.

पण खरी गडबड तुमच्या फोटोत दिसली. धूळ बसू नये म्हणून दिव्याखाली ॲक्रिलिकची शीट लावली आहे न, ती २२२ जवळजवळ पूर्ण अडवते, खिडकीची काचही तशीच, क्वार्ट्झच लागते. म्हणून लॅबची टेस्ट फेल गेली. आमच्या मुलानं फिटिंगच्या वेळी हे बोलायला हवं होतं, तो बोलला नाही, आता प्रत्येक डब्यावर मराठीत स्टिकर लावतो आहे.

ट्यूबच बरी होती म्हणता, तर पाण्याच्या टाकीसाठी मी स्वतः ट्यूबच सांगतो, स्वस्त आहे न वीजही कमी खाते. पण बुटीबोरीच्या टिनाच्या शेडमध्ये मे महिन्यात ४५ डिग्रीला ट्यूब फार तापली की तिचं यूव्ही कमी होते, आणि खाण्यापिण्याच्या मालावर ट्यूब फुटली तर पारा सांडणार, तुमचं काम पाहूनच हा दिवा सुचवला होता.

शनिवारी मी स्वतः येतो, २२२ ला कॅलिब्रेट केलेलं मीटर घेऊन, शीट काढून तुमच्यासमोर मोजतो, झाकणांची लॅब टेस्ट परत करू, खर्च आमचा. तरी आकडा कमी आला तर दिवा परत घेतो, पूर्ण पैसे देतो. रिव्ह्यू बदला असं म्हणणार नाही, काम झालं तरच काय ते लिहा.

थोडा वास येतो म्हणालात तो ओझोनचा असेल, एक्झॉस्ट चालू ठेवा. २२२ कातडीच्या वरच्याच थरात अडते हे खरं असलं तरी दिवा चालू असताना पोरांना खाली हात घालू देऊ नका न त्याच्याकडे पाहूही देऊ नका. आणि शीट काढताना मेन स्विच बंद करा, क्वार्ट्झला बोट लागू देऊ नका, स्वच्छ सुती कपड्यानं धरा.