‘आवाज मेला’ म्हणणाऱ्या कोल्हापूरच्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

बेस गिटारला फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या गुळगुळीत तारा लावण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मग बेस मांडीवर घेऊन बसलो, फूटपट्टी काढली, काही गोष्टी पुन्हा मोजून पाहिल्या आणि आता लिहायला बसलोय.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही कोल्हापुरात ऑर्केस्ट्रात बेस वाजवता. माझा लेख वाचून तुम्ही साडेतीन हजारांच्या फ्लॅटवाउंड तारा मागवल्या आणि घरीच चढवल्या. आठवड्याभरात तारा फ्रेटपासून, म्हणजे नेकवरच्या (वाद्याच्या गळ्यावरच्या) आडव्या धातूच्या पट्ट्यांपासून, इतक्या वर उचलल्या गेल्या की बोटं सोलवटली. कार्यक्रमात बेसची केबल थेट मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये लावली होती. आवाज ‘गोधडीत गुंडाळल्यासारखा’ आला आणि कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातापुढे तुम्ही ऐकूच आला नाहीत. डबल बेस, म्हणजे उभं धरून वाजवायचं मोठं बिनफ्रेटचं वाद्य; त्यावर बोटं ठेवायची पद्धत मी सुचवली होती, ती फ्रेटवाल्या वाद्याला कशाला, असंही तुम्ही विचारलंत. आणि शेवटी लिहिलंत, ‘डबल बेस आपल्याकडे वाजवतो कोण? पुण्यामुंबईच्या गप्पा इकडे सांगू नका.’

तारा वर गेल्या, त्याला मी जबाबदार आहे. तारा कोणत्या घ्याव्यात यावर मी पानभर लिहिलं, पण तारांचा प्रकार बदलला की सेटअप, म्हणजे नेकचा बाक आणि तारांची उंची जुळवणं, पुन्हा करावा लागतो, हे एका ओळीतही लिहिलं नाही. माझ्या हाताला ती सवय इतकी पडली आहे की सांगायची राहून गेली. तुमचे पैसे गेले, बोटं सोलली, कार्यक्रम खराब झाला. मनापासून माफी मागतो.

आता झालं काय ते बघू. चार तारा सुरात लावल्या की नेकवर एकूण सत्तर-ऐंशी किलोची ओढ बसते, म्हणजे एका मोठ्या माणसाच्या वजनाइतकी. नेकच्या पोटातला धातूचा दांडा, ट्रस रॉड, तिला उलट बाजूने पेलून धरतो. तुमच्या आधीच्या राउंडवाउंड, म्हणजे वरून गोल तार गुंडाळलेल्या तारांशी त्याचा तोल जमला होता. त्याच जाडीच्या फ्लॅटवाउंड तारा बहुधा जास्त ओढतात, त्यामुळे नेक पुढे वाकला आणि तारा मधोमध वर आल्या. सगळ्याच फ्लॅटवाउंड अशा नसतात. थोमास्टिक कंपनीच्या जॅझ फ्लॅट तारा कमी ओढीसाठी ओळखल्या जातात. त्या लावल्या असत्यात तर कदाचित उलट झालं असतं, नेक मागे जाऊन पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तारा खरखरल्या असत्या. काही झालं तरी तारांचा प्रकार बदलला की नेक बघावाच लागतो.

हे काम घरी होतं. बेस सुरात लावा. मांडीवर आडवा ठेवू नका, वाजवताना धरता तसाच धरा. डाव्या हाताने ए तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि उजव्या हाताने तीच तार नेक जिथे बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर दाबा. ताणलेली तार हीच तुमची सरळ पट्टी. आता सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामधली फट बघा. तिथे एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर. तुमच्याकडे तीन-चार कार्डं जातील असा माझा अंदाज आहे. ट्रस रॉडचा नट काही बेसना हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या टोकाच्या) बाजूला असतो, काहींना बॉडीच्या. नटाकडे समोरून बघत ॲलन की घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, त्यापेक्षा जास्त नको. परत सुरात लावा, तासभर थांबा, मग मोजा. लाकूड लगेच बसत नाही. अजून हवं असेल तर पुन्हा पाव फेरा. की मापाची नसेल तर नटाच्या कडा झिजतात आणि मग ते काम महागात पडतं. नट घट्ट लागला, जोर लावावासा वाटला, तर तिथेच थांबा आणि कारागिराकडे न्या.

नेक सरळ झाल्यावरच ब्रिजवरच्या सॅडलला, म्हणजे तार टेकते त्या तुकड्याला, हात लावा. बाराव्या फ्रेटवर ई तारेखाली अडीच मिलिमीटर आणि जी तारेखाली दोन, इथून सुरुवात करा. अनेक जण उलटं करतात. नेक वाकलेला असतानाच सॅडल खाली घेतात, मग वरच्या फ्रेटवर तार घासायला लागते आणि दोष तारांना मिळतो. शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून छेडलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला सूर चढा येत असेल तर सॅडल मागे, नेकपासून लांब न्या.

आणखी एक, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. फ्लॅटवाउंड तार कापण्याआधी, कापायची तिथे पकडीने काटकोनात वाकवून घ्या. सरळ तार कापली तर वरची पट्टी आतल्या गाभ्यावरून सुटू शकते, आणि मग तार कायमची बद्द वाजते.

आता गोधडीबद्दल. इथे मात्र सगळा दोष तारांवर टाकू नका. तुमच्या बेसमध्ये बॅटरी नसेल तर त्याच्या पिकअपला (तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या भागाला) पुढे मोठ्या इंपिडन्सचं, म्हणजे विजेला जास्त अडवणारं, इनपुट लागतं, दहा लाख ओहमच्या आसपासचं. बेस ॲम्पचं इनपुट तसं असतं. मिक्सरचं लाइन इनपुट बऱ्याचदा दहा-वीस हजार ओहमचं असतं. पिकअपवर एवढं ओझं पडलं की सगळ्यात आधी वरचे स्वर गळतात. राउंडवाउंड तारांकडे वरचे स्वर भरपूर, म्हणून इतके दिवस ते खपून गेलं. फ्लॅटवाउंडकडे ते मुळात कमी, आणि होते तेही मिक्सरने खाल्ले. यावर उपाय नवा ॲम्प घेणं हा नाही. दोन-चार हजारांत मिळणारा साधा डीआय बॉक्स, म्हणजे हे इंपिडन्स जुळवून देणारी छोटी डबी, मध्ये लावा आणि तिथून मिक्सरच्या माइक इनपुटमध्ये जा. पंडालात गुणगुण आली तर बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. पुढच्या कार्यक्रमाआधी एक खर्च करायचा असेल तर तो हाच करा.

आणि ‘बेस’ लिहिलेलं, म्हणजे खालच्या सुरांचं, बटण वर करू नका. मोकळ्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा. आठ इंची स्पीकरच्या ॲम्पमधून तो जवळजवळ येतच नाही. आपला कान ८२, १२३, १६४ अशा त्याच्या वरच्या सुरांवरून मूळ सूर मनातच भरून काढतो. म्हणून ‘ऐकू येत नाही’ म्हणत खालचं बटण पूर्ण फिरवलं की स्पीकर नुसता धापा टाकतो आणि हाती घुमारा लागतो. मधलं बटण, साधारण २५० ते ८०० हर्ट्झ, थोडं वर घ्या. वॉटचंही तसंच. वॉट दुप्पट केले तर आवाज तीनच डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. वीस वॉटचा विकून चाळीसचा आणला तर पदरात फारसं काही पडत नाही.

कीबोर्डवाल्याशीही बोलून घ्या. त्याचा डावा हात तुमच्याच सप्तकात फिरत असेल तर कुठलीच तार तुम्हाला वर काढणार नाही. तुम्ही वाजवत असताना त्याने डावा हात एक सप्तक वर न्यावा किंवा सोडून द्यावा. ऑर्केस्ट्रात हे बोलणं अवघड जातं, मला माहीत आहे. पण एका गाण्यापुरतं करून बघा आणि समोर खुर्चीत बसलेल्या कुणाला तरी विचारा. उजवा हातही दोन इंच ब्रिजकडे सरकवा. नेकच्या तोंडाशी छेडलं की फ्लॅटवाउंड फुगतात, ब्रिजकडे छेडलं की त्यांना कड येते.

फ्लॅटवाउंड बँडमध्ये विरघळून जातात, हे मला मान्य नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेत डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये जेम्स जेमर्सन ज्या बेसवर वाजवायचे, तो १९६२ चा फेंडर प्रिसिजन होता. त्यावर जाड फ्लॅटवाउंड तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा. उजव्या हाताची फक्त तर्जनी चालायची आणि बेस बहुतेक वेळा थेट मिक्सिंग डेस्कमध्ये जायचा. ढोल, पियानो, वाद्यमेळ, कोरस या सगळ्यांतून तो बेस आजही स्वच्छ ऐकू येतो. त्यांच्या तारा मात्र खूप उंच असायच्या, कारण हात डबल बेसवर तयार झालेला होता. ते अनुकरण आपण करायचं नाही.

बोटांचा मुद्दा. फ्रेट आहेत म्हणून कुठलंही बोट चालतं, हे सुरापुरतं खरं आहे. हाताचं गणित वेगळं. साध्या गिटारवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर साडेनऊ-दहा सेंटीमीटर असतं. चौतीस इंची स्केलच्या बेसवर तेच तेरा सेंटीमीटर. चार बोटं चार फ्रेटवर पसरायची ही गिटारची शिस्त तुम्ही तिथे लावता, तेव्हा मनगट वाकतं आणि करंगळी ताणून ताणून थकते. बेसवर पहिल्या ते तिसऱ्या फ्रेटचं अंतर नऊ सेंटीमीटर आहे. म्हणून पहिलं, दुसरं आणि चौथं बोट, म्हणजे तर्जनी, मधलं आणि करंगळी, आणि करंगळीच्या पाठीशी अनामिकेचा आधार. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नात फ्रांझ सिमांडल यांनी डबल बेससाठी हीच पद्धत रुजवली, कारण तिथे अंतरं याहून मोठी. सातव्या फ्रेटच्या पुढे चारही बोटं खुशाल वापरा, तिथे चार फ्रेट नऊ सेंटीमीटरमध्ये मावतात. तीन तासांच्या कार्यक्रमानंतर तुमचं मनगट दुखत असेल, तर महिनाभर खालच्या पाच फ्रेटवर ही बोटं वापरून बघा एवढीच विनंती.

राहिला डबल बेस. मी पुण्यामुंबईचा नाही, सांगलीत राहतो, तुमच्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. माझ्याकडे जुना प्लायवूडचा डबल बेस आहे. मुंबईतल्या एका निवृत्त वादकाच्या घरून टेम्पोत घालून आणला. दुसऱ्याच वर्षी एप्रिलच्या कोरड्या उन्हात त्याचा आवाज अचानक बसला. खालच्या सुरांवर बारीक फडफड यायची, कुठून ते कळेना. डबल बेस दुरुस्त करणारं इथे कोणी नाही, म्हणून मिरजेतल्या एका सतारमेकरांकडे नेला. असलं वाद्य त्यांनी आधी हाताळलेलं नव्हतं. त्यांनी तो दोन खुर्च्यांवर आडवा ठेवला, डोळे मिटले आणि बोटाच्या पेराने कडेकडेने टकटक करत निघाले. टक, टक, टक, आणि खालच्या कंबरेपाशी एकदम थप्प. सांधा सुटला होता, चार बोटं लांब. त्या जागी पूर्वी कुणीतरी पांढरा गोंद भरलेला होता. तो खरवडताना लाकडाचा कपचा निघाला तेव्हा ते कळवळले. म्हणाले, ‘सरस लावला असता तर गरम पाण्याने सुटला असता. वाद्य उघडता आलं पाहिजे.’ मग गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या डबीतला सरस लावला, दोरीने आवळून दोन दिवस ठेवला. तो सांधा अजून धरून आहे.

लाकूड बसून राहत नाही, हे मला तिथे पहिल्यांदा नीट कळलं. पावसाळ्यात डबल बेसची वरची फळी फुगते आणि तारा वर जातात, उन्हाळ्यात खाली येतात. म्हणून ब्रिजच्या पायांत फिरवता येणाऱ्या चकत्या बसवून घेतल्या. शिवाय आतली साउंडपोस्टची काठी कशाने चिकटवलेली नसते, नुसत्या दाबावर उभी असते. सगळ्या तारा एकदम सैल केल्या तर ती पडू शकते. त्यामुळे तारा एकेक करूनच बदलायच्या. बेस गिटारमध्ये अशी काठी नाही, पण एकेक तार बदलली की नेकला एकदम झटका बसत नाही, म्हणून तुम्हीही तसंच करा.

‘आपल्याकडे वाजवतो कोण’ याचं उत्तर तुमच्या ऑर्केस्ट्राच्या वहीतच आहे. १९५० आणि ६० च्या दशकांतली जी गाणी तुम्ही दर कार्यक्रमात वाजवता, त्यांतला खालचा सूर मुंबईच्या स्टुडिओत बहुतेक डबल बेसवरच वाजला, आणि वाजवणाऱ्यांत गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. बेस गिटार नंतर रुळला. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदातला टोनी वाझ यांचा बेस तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला पाठ असेल. त्या आधीच्या गाण्यांत सूर लागतो आणि लगेच विझतो, लांबत नाही. राउंडवाउंडवर तो झणझणत राहतो आणि तबल्याच्या अंगावर जातो. फ्लॅटवाउंडवर, ब्रिजखाली स्पंजचा तुकडा सरकवून, तो जवळजवळ तसाच येतो. फ्लॅटवाउंडचा आग्रह मी धरला तो यासाठी, आणि त्यावर अजूनही ठाम आहे. तुमच्या वहीत नव्या गाण्यांचंच वजन जास्त असेल तर मात्र राउंडवाउंडकडे परत जा. जुन्या तारा गुंडाळून ठेवल्या असतीलच.

पण आज लगेच तारा उतरवू नका. दोन आकडे मोजून इथेच खाली लिहा: पहिला फ्रेट आणि नेक बॉडीला मिळतो तो फ्रेट दाबून सातव्यावर किती कार्डं जातात, आणि बाराव्यावर ई तारेखाली किती मिलिमीटर आहे. ट्रस रॉडचा नट कोणत्या टोकाला आहे आणि बेसमध्ये बॅटरी आहे का, तेही सांगा. मूळ लेखात सेटअपचा भाग आज रात्री वरच घालतो, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. ॲलन की मापाची मिळाली नाही तर कळवा. माझ्याकडे इंची आणि मिलिमीटर दोन्ही संच आहेत. येत्या रविवारी कोल्हापुरात येणार आहे, घेऊन येईन.