एकादशी झाडांची, फराळ शेवाळाचा

झाडं लावलेली माशांची टाकी घरात असली की येणारा पाहुणा दोन मिनिटं कौतुक करतो आणि मग बोट नेमकं शेवाळावर ठेवून विचारतो, "हे छान आहे, कुठे मिळालं?" आता काय सांगणार! आमच्या गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, घाटाच्या शेवटच्या पायरीवर फुकट मिळतं. मला मात्र तेच उगवायला एलईडी, टायमर आणि कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर लागतं.

मग सल्ले सुरू होतात. त्यातला पहिला ठरलेला: "खत बंद कर." सल्ला देणाऱ्याला चहा पाजावा, पण ऐकू नये. खत बंद केलं की उपाशी मरतात ती झाडं. शेवाळाचं काय, माशांच्या उरलेल्या दाण्यावर आणि कुजक्या पानांवरही त्याचं मजेत भागतं. वर फॉस्फेट संपलं की काचेवर हिरवे टणक ठिपके येतात, ते बाद झालेल्या एटीएम कार्डानं खरवडत बसायचं.

हे द्राक्षवाल्याला समजावावं लागत नाही. आपल्याकडे कोणत्याही कृषी सेवा केंद्रात १३:०:४५ मिळतं (आकडे नत्र, स्फुरद, पालाशचे), म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. आणि ०:५२:३४, म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. शोभिवंत बाटलीत रंगीत पाणी म्हणून जे विकतात, त्यातही बहुतेक हेच असतं. १०० लिटर पाण्याला १.६ ग्रॅम १३:०:४५ घातलं की नायट्रेट १० पीपीएमनं, म्हणजे लिटरला १० मिलीग्रॅमनं, वाढतं. फॉस्फेट इतकं कमी लागतं की काटाही लाजतो. म्हणून १४ ग्रॅम ०:५२:३४ पाण्यात विरघळवून अर्धा लिटर द्रावण करावं आणि त्यातलं ५ मिली १०० लिटरला टाकावं, फॉस्फेट १ पीपीएम झालं. दुकानदार "किती एकर?" विचारतो, तेव्हा अडीच फूट म्हणायला जरा हिंमत लागते. आठवड्याला एक मात्रा धरली तर १३:०:४५ची किलोची पिशवी बारा वर्षं पुरते. एका कुंभमेळ्याला फोडावी, पुढच्याला संपते. फक्त "सगळं एकातच आहे" म्हणून १९:१९:१९ घरी आणू नका. त्यात युरिया आणि अमोनियम असतं, मासे गुदमरतात आणि शेवाळ वरात काढतं.

कमी करायचा तो उजेड. बाग नवी असेल तर सहा तास, जुनी असली तरी आठच्या वर नाही, तेही टायमरवर. "पाहुणे आहेत तोवर राहू दे ना चालू" या एका वाक्यानं जितकं शेवाळ वाढतं तितकं खतानं वाढत नाही. शक्य असेल तर वर थोडी पिस्टिया, ही एक पाणवनस्पती, तरंगत सोडावी. गोदावरीत पाणवेली पसरल्या की आपण बोंब मारतो. टाकीत तीच सवय कामाला येते, सावलीही धरते आणि अन्नही ओढते.

खरा छळ काळ्या दाढीचा. अनुबियासच्या पानांच्या कडांना ही बारीक काळी झालर फुटते आणि ओढली तर पानासकट येते. दिसते काळी, पण कुळानं ती लाल शेवाळ. तुकडा स्पिरिटमध्ये बुडवला की खरा रंग कळतो. कार्बन डायऑक्साइड कधी जास्त कधी कमी झाला की ती येते, म्हणून घरीच गॅस तयार करणाऱ्या साखर-यीस्टच्या बाटलीवर माझा विश्वास नाही. गॅस उजेडाच्या दोन तास आधी सुरू करायचा आणि ड्रॉप चेकर, म्हणजे पाण्यातला गॅस रंगानं दाखवणारी टाकीतली कुपी, हिरवा ठेवायचा. निळा म्हणजे गॅस कमी. पिवळा म्हणजे माशांच्या जिवाशी खेळ. तो तासदीड तास उशिरा बोलतो, त्यामुळे दर पाच मिनिटांनी नॉब फिरवणाऱ्याला तो हमखास तोंडघशी पाडतो.

असलेल्या दाढीसाठी मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड. बाटली बहुधा सहा टक्क्यांची असते. लेबल वाचून तेवढंच पाणी घालावं म्हणजे तीन टक्के होतं. फिल्टर बंद करून सिरिंजनं थेट दाढीवर सोडायचं, १०० लिटरला २५ मिलीच्या वर नाही, आणि दहा मिनिटांनी फिल्टर चालू. काही दिवसांत दाढी गुलाबी होते. मॉस आणि व्हॅलिसनेरिया या झाडांना मात्र हे मानवत नाही, त्यांच्यापासून लांब. गुलाबी झालेलं अमानो कोळंबी खाते. दुकानदार "काच साफ करतो" म्हणून जो सकर मासा गळ्यात मारतो, तो फूटभर वाढतो, साफ करतो त्याहून जास्त घाण करतो, आणि नदीत सोडायचा नाही म्हणून जन्मभर आपल्याच घरी राहतो.

निळसर, बुळबुळीत, सायीसारखा सोलून निघणारा आणि घाण वास मारणारा थर आला तर ते शेवाळच नव्हे, जिवाणू आहेत. जमेल तेवढा थर नळीनं ओढून काढायचा, अर्धं पाणी बदलायचं, गॅस बंद, हवेचा पंप चालू, आणि टाकी जाड चादरीनं तीन दिवस झाकायची. मासे उपाशी राहू शकतात. घरच्यांना कोपरा उचलून बघितल्याशिवाय राहवत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा अर्धं पाणी बदला, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारून. नायट्रेट संपलं असेल तर १३:०:४५ घाला. आणि चादर धुवायला टाकण्याआधी ती कोणाची होती ते विचारून घ्या.