लक्षद्वीपच्या ‘९० टक्के जंगला’विषयी खुलासा

‘लक्षद्वीपचा ९० टक्के भाग घनदाट नैसर्गिक जंगल असून ते अंदमानपेक्षाही समृद्ध आहे’ हा संदेश बडोद्यातील आपल्या मराठी गटांत फिरत आहे, आणि दांडिया बाजारातील मंडळींना तो मीच प्रथम पाठवला होता. मूळ अहवाल नंतर वाचला, ही चूक माझी.

आकडा खरा आहे. अर्थ चुकीचा आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात लक्षद्वीपचे वनाच्छादन ९०.३३ टक्के, तर अंदमान-निकोबारचे ८१.७५ टक्के दिले आहे. मात्र अहवालातील व्याख्येनुसार किमान १ हेक्टर जमिनीवर १० टक्के वृक्षछत्र (झाडांच्या फांद्या-पानांनी झाकलेला भाग) असले की ते वनाच्छादन ठरते, मग जमीन कोणाचीही असो आणि झाड कोणतेही असो. त्यामुळे लक्षद्वीपच्या आकड्यात प्रामुख्याने नारळाच्या बागा आहेत. अंदमानात मात्र गर्जन, पडौक या वृक्षांची सदाहरित व निमसदाहरित वने आणि विस्तीर्ण खारफुटी आहे. उपग्रहचित्रातून छत्राची दाटी कळते. जंगलाची घडण व प्रकृती जाणण्यासाठी जमिनीवर आखलेल्या तुकड्यांत प्रजाती, खोडाचे घेर आणि नवी रोपे नोंदवावीच लागतात.

कृपया जुना संदेश पुढे पाठवू नये. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा कळवावा.