‘गोरना हरवणारी बाई’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून लगेच उत्तर दिलं नाही, कारण रागाच्या भरात लिहायचं नव्हतं. राग अजून पुरता गेलेला नाही, तरी लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. २०००च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवार अल गोर यांचा प्रचार सांभाळणाऱ्या डॉना ब्राझील यांच्या कारकिर्दीवरचा माझा लेख म्हणजे नुसती आरती आहे, २०१६चं प्रश्न फोडण्याचं प्रकरण मी दोन ओळींत उरकलं, आणि ‘जिने गोरना हरवलं तिचं कौतुक घरबसल्या करायला काय जातंय?’ असं तुमचं म्हणणं आहे.

मुद्दा मांडायचा तर खुशाल मांडा, लिहिणाऱ्याची लायकी कशाला काढता? मी घरबसल्या लिहिते हे तुम्हाला कुणी सांगितलं? आमच्या गावच्या नगरपरिषदेच्या निवडणुकीत माझे वडील एका अपक्ष उमेदवाराचं सगळं काम बघायचे. मतदार यादीची पानं सुटी करून ओट्यावर गल्लीवार लावलेली असायची. त्यातल्या चिठ्ठ्या मी हाताने लिहिल्या आहेत. दुपारनंतर कुणाच्या नावापुढे खूण पडली नाही ते बघून त्या त्या घराची कडी वाजवली आहे. उमेदवार थोडक्यात पडला, आणि दुसऱ्या दिवशी जे मतदानालाच गेले नव्हते तेच वडिलांना ‘तुमचं कुठं चुकलं’ ते ऐकवायला आले. तुमचं वाक्य वाचताना मला तीच माणसं आठवली.

आता ‘हरवलं’बद्दल. ब्राझील १९९९च्या ऑक्टोबरात अल गोर यांच्या कॅम्पेन मॅनेजर झाल्या. मोठ्या पक्षाच्या अध्यक्षीय प्रचाराची सूत्रं हाती घेणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. देशभरात गोरना रिपब्लिकन जॉर्ज डब्ल्यू. बुशपेक्षा पाच लाखांहून जास्त मतं पडली. पण अध्यक्ष ठरतो तो राज्यवार मिळणाऱ्या प्रतिनिधींच्या, म्हणजे इलेक्टोरल मतांवर, आणि निकाल फ्लोरिडावर अडला होता. फ्लोरिडात सुमारे साठ लाख मतांत फरक निघाला ५३७चा, आणि फेरमोजणी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशी थांबवली. तिथल्या पाम बीच काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची) मतपत्रिका डोळ्यांसमोर आणा: दोन्ही बाजूंना नावं, मधे छिद्रांची एकच रांग. डावीकडे गोर यांचं नाव दुसरं, पण त्यांचं छिद्र तिसरं. दुसरं छिद्र उजवीकडच्या ब्युकॅनन या तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराचं. एकाच पदासाठी दोन छिद्रं पडल्यामुळे त्या एका काउंटीत १९ हजारांवर मतं बाद झाली. ती मतपत्रिका काउंटीच्या निवडणूक कार्यालयाने काढली होती. मॅनेजर माणसं बूथपर्यंत आणून सोडू शकते, आत जाऊन त्यांचा हात धरू शकत नाही. ज्याने एकदा तरी बूथबाहेर टेबल टाकलंय त्याला हे सांगावं लागत नाही.

एक मान्य करते. टेनेसीवर मी आणखी लिहायला हवं होतं. गोर यांचं स्वतःचं राज्य, तिथली ११ इलेक्टोरल मतं मिळाली असती तर फ्लोरिडाशिवायही ते जिंकले असते. हा मुद्दा तुम्ही काढला असतात तर बोलता आलं असतं. तुम्ही तो काढलाच नाही.

२०१६बद्दल लेखात होतं तेवढं पुरेसं आहे. सीएनएनवर विश्लेषक असताना ब्राझील यांनी हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराला उमेदवारांना विचारले जाणारे प्रश्न आधी कळवले, सीएनएनने संबंध तोडले, पुढच्या वर्षी त्यांनी स्वतः चूक कबूल केली. मी लिहीत होते मॅनेजरच्या कामाबद्दल. ‘आरती’चं म्हणाल तर त्यावर काय बोलणार!

लुईझियानातल्या केनरमधली नऊ भावंडांतली ही मुलगी. खेळाचं मैदान देईन म्हणणाऱ्या नगरसेवकपदाच्या उमेदवारासाठी नऊ वर्षांची असताना प्रचाराला लागली. तो निवडून आला, मैदानही झालं. १९८८ मध्ये थोरल्या बुश यांच्या खासगी आयुष्याबद्दल पत्रकारांपुढे बोलल्यामुळे त्या वर्षीचे डेमोक्रॅटिक उमेदवार डुकाकिस यांच्या प्रचारातून तिला बाहेर पडावं लागलं, हेही मी लेखात लपवलेलं नाही. तिथून अकरा वर्षांत ती गोर यांच्या प्रचाराच्या प्रमुखपदी पोचली. हे कौतुकाचं नसेल तर कशाचं कौतुक करायचं ते तुम्हीच सांगा.

प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. फ्लोरिडात तिच्या हातात असलेली आणि तिने न केलेली एखादी ठोस गोष्ट दाखवा, त्यावर मी उत्तर देईन. माझ्या घराबद्दल पुन्हा लिहिलंत तर देणार नाही.