गोष्टी पुस्तकात आल्या म्हणून अंक वाचून होत नाही

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेतला आक्षेप थोडक्यात असा: 'अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन' या अमेरिकन विज्ञानकथा मासिकाचे 1940च्या दशकातले अंक उकरून वाचणं हा फुकटचा खटाटोप आहे. चांगल्या कथा पुस्तकांत येऊन गेल्या, उरल्या त्या जाहिराती आणि वाचकांची पत्रं. वर कागद हाताळण्याचे माझे नियम म्हणजे नुसतं सोवळंओवळं.

कथा पुस्तकांत आल्या, पण आल्या तशाच नाही आल्या. विज्ञानकथालेखक असिमॉव्हचं 'फाउंडेशन' घ्या. 1951च्या पुस्तकातला पहिला भाग, सेल्डन या गणितज्ञ पात्राच्या खटल्याचा, मासिकात कधी छापूनच आला नव्हता. तो पुस्तकासाठी लिहिला. मे 1942च्या अंकातली 'फाउंडेशन' ही कथा पुस्तकात दुसऱ्या जागी आहे. ऑगस्ट 1944ची 'द बिग अँड द लिटल' नाव बदलून शेवटी गेली आणि ऑक्टोबरची 'द वेज' तिच्या आधी येऊन बसली. म्हणजे मासिकाच्या वाचकाला होबर मॅलो हा व्यापारी आधी भेटला आणि 'द वेज'मधला व्यापारी पॉन्येट्स दोन महिन्यांनी. पुस्तकात नेमकं उलट. व्यापाऱ्यांची सत्ता कशी वाढत गेली हे पुस्तकात पायरीपायरीने दिसतं, ती पायरी मागाहून लावलेली आहे.

पत्रांचं म्हणाल, तर नोव्हेंबर 1948चा अंक पत्रांसाठीच उघडावा. एका वाचकाने त्यात चक्क नोव्हेंबर 1949च्या, म्हणजे अजून न निघालेल्या अंकावर अभिप्राय लिहिला: कथांची नावं, लेखक, कोणती सरस, सगळं. संपादक कॅम्पबेलने थट्टा मनावर घेतली आणि त्याच लेखकांकडून त्याच नावांच्या कथा लिहून घेतल्या. हाइनलाइनची 'गल्फ', स्टर्जनची 'व्हॉट डेड मेन टेल', व्हॅन व्होग्टची 'फायनल कमांड' या त्यातल्याच. पत्रातली डॉन ए. स्टुअर्टची कथा मात्र आली नाही. हे टोपणनाव खुद्द कॅम्पबेलचं! नुसत्या कथासंग्रहात 'गल्फ' वाचणाऱ्याला याचा पत्ता लागायचा नाही.

'अ‍ॅनालिटिकल लॅबोरेटरी' या मासिकातल्या सदरात वाचकांनी लावलेला कथांचा क्रम असतो. वाचकांनी दिलेल्या पहिला, दुसरा अशा क्रमांकांची ती सरासरी, म्हणून कमी आकडा म्हणजे वरचा नंबर. नवखे इथे हमखास उलटं वाचतात. शिवाय तो निकाल हातातल्या अंकाचा नसून आधीच्या एखाद्या अंकाचा असतो.

आता सोवळ्याचं. या अंकांच्या कागदात लाकडाचा लगदा लिग्निन या लाकडातल्या द्रव्यासकट असतो. लिग्निन हवा-उजेडाने पिवळं पडतं, कागदातलं आम्ल त्याच्या धाग्यांना खातं, आणि दुमडलेला कोपरा हातात येतो. पिना घडीत नसून पाठीजवळ वरून आरपार मारलेल्या असतात, त्यामुळे अंक सपाट उघडतच नाही. दाबून उघडलात की पिनेपाशी पान फाटतं आणि पाठीचा सुकलेला गोंद कव्हर सोडून देतो. दोन्ही बाजूंना गुंडाळलेला टॉवेल ठेवून काटकोनाच्या थोडं पुढे, एवढंच उघडा. आतल्या समासातली अक्षरं डोकं तिरकं करून वाचावी लागतात, इलाज नाही. सेलोटेप अजिबात नको: गोंद कागदात मुरून तपकिरी डाग पडतो आणि पट्टी नंतर सुटते ती सुटतेच. गंजलेली पीन ओढून काढायला जाऊ नका, भोक मोठं होतं. ठेवताना पॉलिएस्टरची पिशवी, मागे आम्लरहित पुठ्ठा. पीव्हीसीची पिशवी टाळा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशीची धास्ती जास्त, तेव्हा ओल येणाऱ्या भिंतीला टेकून कपाट नको.

विकत घेत असाल तर आधी पानांचे आकडे सलग आहेत का बघा. जाहिरातीचं कूपन कोणी कापून नेलं असेल तर मागच्या पानावरच्या कथेचा तेवढा तुकडा गेला समजा. नोव्हेंबर 1949 घेणार असाल तर डिसेंबर आणि जानेवारी 1950 सोबतच मिळवा: 'गल्फ' दोन अंकांत आहे आणि असिमॉव्हची '...अँड नाऊ यू डोन्ट' तीन.