‘रॉमध्ये काढा, रंगाची चिंता सोडा’ हा सल्ला मानू नका

तुळशीचं लग्न झालं की गोव्यात लग्नसराई सुरू होते आणि फोटोग्राफरांच्या ग्रुपांवर तोच मेसेज पुन्हा फिरू लागतो. त्यात चार गोष्टी ठासून सांगितलेल्या असतात. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरवरून आलेल्या कच्च्या फाइलमध्ये, खरा रंग जसाच्या तसा साठवला जातो. कॅमेऱ्यात अडोबी आरजीबी ही मोठी कलर स्पेस (रंगांची व्याप्ती) लावा आणि छापणाऱ्या लॅबलाही त्यातच फाइल द्या. मॉनिटर कॅलिब्रेट करणं (उपकरणाने मोजून त्याचे रंग आणि उजेड प्रमाणात आणणं) म्हणजे पैसे वाया घालवणं. आणि प्रिंट काळवंडली तर चूक लॅबची. फोंड्यात बसून मी वर्षानुवर्षं लग्नाचे अल्बम करतो. नवी मुलं हे वाचून कामाला लागतात आणि कुणाच्या तरी घरचा एकुलता एक अल्बम बिघडतो, म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा मुळातच चुकीचा आहे. रॉमध्ये तयार रंग नसतोच. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर बायर फिल्टरची जाळी असते. प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांतला एकच प्रकाश मोजतो, त्यातही निम्मे पिक्सेल हिरव्याचे. फाइलमध्ये येतात ते 12 किंवा 14 बिटांचे आकडे. त्यांतून कोणता रंग काढायचा हे रॉ उघडणारं सॉफ्टवेअर त्याच्याकडच्या कॅमेरा प्रोफाइलवरून, म्हणजे कोणत्या आकड्याचा कोणता रंग हे सांगणाऱ्या तक्त्यावरून, ठरवतं. म्हणून तीच रॉ दोन सॉफ्टवेअरमध्ये उघडली की एकीकडे नवरीचा शालू मरून दिसतो, दुसरीकडे विटकरी. रॉची ताकद वेगळी आहे. 14 बिटांत प्रत्येक चॅनेलला 16,384 पायऱ्या मिळतात, जेपेगला 256. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली जुळवणी) मागाहून बदलला तरी काही बिघडत नाही. पण तो कशावर धरायचा, हे कळायला मंडपात एक तरी फ्रेम ग्रे कार्डाची (तटस्थ राखाडी पुठ्ठ्याची) हवी. ती दहा सेकंदांत होते. हल्ली मंडपात निळे-जांभळे एलईडी लावतात, त्यांच्या उजेडात लाल जवळजवळ नसतोच. जो लाल सेन्सरपर्यंत पोचलाच नाही, तो रॉमधूनही परत येत नाही. अशा वेळी स्वतःचा फ्लॅश वापरावाच लागतो.

अडोबी आरजीबीचं म्हणाल तर कॅमेऱ्यातली ती निवड जेपेगसाठी असते, रॉच्या आकड्यांना ती लागू होत नाही. एडिटिंग मोठ्या कलर स्पेसमध्ये जरूर करा. मात्र लॅबला फाइल देताना आधी विचारा. फोटो पेपरवर छापणाऱ्या बऱ्याच लॅब एसआरजीबी ही लहान कलर स्पेस गृहीत धरतात, फाइल कोणत्या स्पेसमधली आहे हे सांगणारं तिच्यातलं प्रोफाइल वाचतही नाहीत. मी एकदा न विचारता अडोबी आरजीबीच्या फाइली दिल्या. मोरपंखी पैठणी धुऊन विटल्यासारखी आली आणि नवरीचा चेहरा आजाऱ्यासारखा फिका. चूक माझीच होती. ते आकडे लहान स्पेसचे समजून छापले गेले होते.

उलट दिशेनेही जपायला हवं. मखराला लावलेल्या गोंड्याच्या (झेंडूच्या) माळा पाहा. भर उन्हातला तो केशरी एसआरजीबीत मावत नाही. एडिटिंगमध्ये पाकळी न् पाकळी दिसते, एक्सपोर्ट केल्यावर माळेच्या जागी सपाट केशरी डाग उरतो. लॅबकडून त्या कागदाचं प्रोफाइल मागून घ्या, सॉफ्ट प्रूफ (कागदावर कसं दिसेल याची स्क्रीनवरची झलक) लावा, फक्त केशरीचं सॅच्युरेशन थोडं उतरवा. पाकळ्यांच्या कडा परत येतात. घरच्या इंकजेटवर काढत असाल तर रंगाचं नियंत्रण सॉफ्टवेअरकडे द्या आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमधलं बंद ठेवा. दोन्ही चालू राहिली की एकच रंग दोनदा बदलला जातो. फाइलवर 300 डीपीआय लिहिल्याने प्रिंट सुधारते असंही कुणीतरी त्या मेसेजला जोडलंय. मोजायचे ते पिक्सेल: 6000 बाय 4000 ची फाइल इंचाला 300 पिक्सेल धरले तर 20 इंच रुंद निघते.

आता काळवंडलेली प्रिंट. लॅबशी सगळ्यात जास्त भांडणं यावरूनच होतात, आणि बहुतेक वेळा दोष आपल्या स्क्रीनचा असतो. प्रिंटसाठी मॉनिटर साधारण 80 ते 120 निट्सवर (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) ठेवतात. लॅपटॉप पूर्ण ब्राइटनेसवर सहज 300 देतो, म्हणजे 100 च्या तुलनेत दीड स्टॉपहून जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). इतक्या झगझगीत स्क्रीनवर फोटो उजळ वाटतो, मग आपण तो आणखी खाली आणतो. कागदाला स्वतःचा उजेड नसतो, तो खोलीतलाच उजेड परत देतो. मॉनिटर 6500 केल्विन (पांढऱ्याची छटा), गॅमा 2.2 (मधल्या छटांचा उजळपणा) वर आणायला कॅलिब्रेटर लागतोच. डोळा ते काम करू शकत नाही, कारण तो समोरच्या पांढऱ्याशी काही मिनिटांत जुळवून घेतो. भिंतींचा रंगही फसवतो. माझी खोली पोपटी होती. ती राखाडी करेपर्यंत चेहऱ्यांतली लाली मी सतत चुकीची पकडत होतो.

उपकरण लगेच घेणं जमत नसेल तर एवढं करा. चेहरा, शालू, गोंडे आणि काळा कोट असलेले चार फोटो निवडून त्याच लॅबमध्ये, त्याच कागदावर एक छोटी टेस्ट प्रिंट काढा. ती ट्यूबलाइटखाली पाहू नका, सकाळी बल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) नेऊन सावलीतल्या उजेडात पाहा. मग ती स्क्रीनशेजारी धरा आणि दोन्ही जुळेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. अल्बमला हात त्यानंतर लावा.